सतरा नंबरची खरखर

सोमवारी सकाळी साडेदहाला पुण्याहून मेसेज आला. नीलमनं टाइप केलेल्या क्लिपांपैकी एकतीस टक्के क्लिपांवर 'खरखर' अशी खूण होती. बाकीच्या टायपिस्टांचं हेच प्रमाण पाच टक्के होतं. 'आपला हेडफोन तपासा. शुक्रवारी दुपारी एकपर्यंत दोष कुठे आहे ते फॉर्ममध्ये भरा. दोष हेडफोनचा निघाला, तर तुमचं तीन आठवड्यांचं टायपिंग दुसऱ्याकडून पुन्हा करून घ्यावं लागेल आणि तुमचं नाव यादीतून कमी होईल.' खाली माधवी मॅडमचं नाव होतं.

नीलमनं मेसेज दोनदा वाचला आणि दार आतून लावून घेतलं.

पुण्याची ही कंपनी वऱ्हाडातली बोली गोळा करत होती. रेकॉर्ड करणारी माणसं गावोगाव जाऊन लोकांना बोलतं करत. त्यांच्या प्रश्नांचा भाग कापून उरलेल्या क्लिपा टायपिस्टांकडे येत. माणूस जसा बोलला तसंच टाइप करायचं, हा नियम होता. 'मले' म्हटलं तर 'मले', 'मला' नाही. नीलम मराठीत एम.ए. होती. अमरावतीच्या कॉलेजात तोंडी परीक्षेला तिच्या तोंडून 'मले' निघालं होतं तेव्हा समोरचे सर हसले होते. त्यानंतर दोन शाळांत तात्पुरत्या नोकऱ्या झाल्या, एका साडीच्या दुकानात आठ महिने झाले. ती जशी बोलत होती त्यासाठीच कोणी तिला काम दिल्याची ही पहिली वेळ होती. मार्चअखेर नाव यादीत आलं तेव्हा तिनं ती यादी छापून घेतली होती.

त्या यादीत तिचं माहेरचं आडनाव आणि अमरावतीचा वडिलांचा पत्ता होता. कारण कंपनीचा दुसरा नियम. एका घरातल्या दोघांपैकी एकानं रेकॉर्ड करणं आणि दुसऱ्यानं टाइप करणं चालणार नाही. तिचा नवरा अश्विन डिसेंबरपासून याच कंपनीसाठी रेकॉर्ड करत होता. फॉर्म त्यानंच भरला होता. "कोन पाह्यले येते?" असं म्हणाला होता.

अकोल्यात जठारपेठेत त्यांच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत कूलर आणि सासूबाई पंचफुला. आतल्या खोलीत टेबल, लॅपटॉप आणि नीलम. कूलरच्या आवाजात बारीक शब्द सुटतात म्हणून ती मधलं दार लावून घेई. खिडकीला उन्हापायी जुनी चादर ठोकलेली होती. एप्रिलचा तिसरा आठवडा होता. अकरानंतर त्या खोलीत भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. त्यात कान पूर्ण झाकणारा हेडफोन, कारण तोही नियम होता. तो लावल्याशिवाय क्लिप सुरूच होत नसे.

हेडफोन जुना होता. बंद पडलेल्या एका कॉल सेंटरचा माल अमरावतीच्या श्रावणभाऊच्या दुकानात आला होता, त्यातून अश्विननं निवडून आणला होता. घरात दुसरा नव्हता.

नीलमनं आधी विचार केला. खरखर दोन्ही कानांत सारखी होती. एका कानात असती तर त्या बाजूची तार तुटली म्हणता आलं असतं. म्हणजे दोष पिनेत, मुख्य तारेत किंवा लॅपटॉपच्या छिद्रात. तिनं कापसाला स्पिरिट लावून पीन पुसली. कापूस काळा झाला. त्यानंतर बारा ते दोन एकदाही खरखर आली नाही.

"झालं दुरुस्त," तिनं दार उघडून सांगितलं.

"मंग आता ये ना वं बाहेर. त्या भट्टीत काय भाजून घेऊन राहिली सोताले?" पंचफुला कूलरपुढं तांदूळ निवडत होती.

"सकाळचं काम मागं पडलं, आई."

"काम काय पळून जाते?"

दोन वाजून दहा मिनिटांनी खरखर पुन्हा आली. नीलमनं क्लिप चालू ठेवून तार बोटांत धरली आणि इंच-इंच दाबत पिनेपासून वरपर्यंत गेली. पिनेपासून चार बोटांवर दाबलं तेव्हा आवाज थांबला. तिथं चिकटपट्टी गुंडाळली. पुढच्या क्लिपेत खरखर होतीच. मग तिनं तेच पान मोबाइलवर उघडून हेडफोन मोबाइलला लावला. तिथंही खरखर. म्हणजे लॅपटॉप सुटला. उरला हेडफोन.

मंगळवारी सकाळी अश्विन अमरावतीला निघाला तेव्हा तिनं हेडफोन त्याच्या पिशवीत टाकला. मंगळवार आणि बुधवार ती बसून राहिली. क्लिपा ऐकता येत नव्हत्या, काम उघडताही येत नव्हतं. दोन दिवस ती त्याच खोलीत दार लावून बसली, कारण दार उघडं दिसलं असतं तर पंचफुलानं काम संपलं का म्हणून विचारलं असतं.

बुधवारी संध्याकाळी अश्विन आला. बत्तीस वर्षांचा, सडपातळ, कुठल्याही ओट्यावर दहा मिनिटांत घरचा होऊन बसणारा.

"श्रावणभाऊनं नवी पीन टाकून देल्ली. दोन गाने माह्यासमोर वाजवले. एकदम साफ. म्हने वहिनीले सांग, आता आवाज आला त हेडफोन नको आनू, वहिनीचे कानच बदलून आन."

पंचफुला हसली. नीलम हसली नाही.

"तुमी लावून पाह्यला?"

"पाह्यला ना. मस्त हाये. तुह्या कानात मळ असन."

जेवताना त्यानं ठेच्याची वाटी बाजूला सरकवली आणि वरणात भात कालवून मऊ करून खाल्ला. उन्हाचं तिखट सोसत नाही म्हणाला.

गुरुवारी तो मूर्तिजापूरला रेकॉर्डिंगला गेला. नीलमनं नऊ वाजता हेडफोन लावला. तिसऱ्या क्लिपेत, दुसऱ्याच मिनिटाला, खरखर आली.

नवी पीन, साफ गाणी, दुसरं यंत्र, तरी खरखर. मग तिनं क्लिप मागं नेली आणि घड्याळाकडे पाहत पुन्हा ऐकली. खरखर दोन मिनिटं अठरा सेकंदांनी सुरू झाली. पुन्हा मागं नेली. दोन अठरा. तार हातानं वाकडी करून ऐकली. दोन अठरा.

तुटलेली तार सेकंद पाहून वाजत नाही. दोष हेडफोनमध्ये नव्हता. खरखर क्लिपेतच होती.

तिला पहिल्यांदा आनंद झाला. फॉर्ममध्ये दुसरा पर्याय होताच, 'मूळ रेकॉर्डिंग'. त्यापुढं लिहायचं होतं: क्लिप क्रमांक, सेकंद, आवाज कशाचा. तिनं खुणा केलेल्या सगळ्या क्लिपा काढल्या. प्रत्येक क्लिपेच्या डोक्यावर गाव, तारीख आणि रेकॉर्ड करणाऱ्याचा नंबर असे. एकशे चार क्लिपा होत्या. एकशे चारही सतरा नंबरच्या. सोमवारी बारा ते दोन जे काम केलं त्या क्लिपा नऊ नंबरच्या होत्या. पिनेचा आणि स्पिरिटचा काही संबंध नव्हता. मोर्शी-वरूडकडची बोली बाकीच्यांना जड जाते म्हणून सतरा नंबरचा जवळजवळ सगळा माल तिच्याकडे येत होता. एकतीस टक्क्यांचं कारण तेच.

राहिलं शेवटचं. आवाज कशाचा? वाळलेल्या पानांचा म्हणावा तर घरात बसून बोलणाऱ्यांच्या क्लिपांतही होता. वाऱ्याचा म्हणावा तर फार नियमित होता. दहा-बारा सेकंद घासल्यासारखा, मग थांबे, मग पुन्हा. बोलणारी माणसं वेगवेगळी होती, आवाज एकच.

तिनं दार उघडलं. "आई, जरा इकडं येता?"

"मी काय ऐकू त्याच्यात?"

"बोलन्याकडं ध्यान नका देऊ. मागचा आवाज कायचा वाटते तेवढं सांगा."

पंचफुलानं पदर मागं सारून हेडफोन कानांवर घेतला. क्लिप शेंदूरजनाघाटच्या एका म्हातारीची होती. संत्र्यांचे ढीग लावताना नजरेनं आकार कसा ओळखायचा ते ती सांगत होती. पंचफुलाचे सासरे-दीर मजुरीत होते, पण नवरा, धर्मपाल, वीस वर्षं चौकात पानठेला चालवत होता. तो तोंडाच्या दुखण्यानं गेला. ठेल्यामागं बसून सुपारी कातरायचं काम पंचफुलाचं होतं.

तिनं डोळे मिटले. चार-पाच सेकंद गेले असतील.

"पन्नी हाये."

"कायची पन्नी?"

"खर्र्याची. दुसरी कायची? पन्नीत सुपारी-तंबाखू टाकून घोटून राहिलं ना कोनी. सुपारी जाड हाये, बारीक असती त येवढी वाजली नसती." ती पुढं ऐकत होती. "आता चुना टाकला पाय."

"चुना ऐकू येते?"

"चुना नाई येत ऐकू. हात थांबला ना मंग? चुना टाकाले हात थांबते." तिनं बोटानं टेबलावर ताल धरून दाखवला, घासणं, थांबणं, घासणं. "कोन हाये हा मुडदा? म्हातारी जिवातलं सांगून राहिली अन हा खर्रा घोटून राहिला!"

नीलमनं नजर वर नेली. पडद्यावर क्लिपेच्या डोक्यावर लिहिलेलं होतं: शेंदूरजनाघाट, चार एप्रिल. चार एप्रिलला अश्विन शेंदूरजनाघाटला मुक्कामी होता. त्याच्यासाठी तिनं पहाटे धपाटे केले होते. खालची क्लिप मोर्शीची, सहा एप्रिल. सहाला तो मोर्शीहून फोन करून रात्री येत नाही म्हणाला होता. त्याचा नंबर तिनं कधी विचारला नव्हता, त्यानं सांगितला नव्हता.

"हा मरते पाय," पंचफुला हेडफोन काढत म्हणाली. "तुह्या सासऱ्यासारखाच मरते. कोनाचा लेक हाये कोन जाने. त्याच्या मायले ठाऊक नसन."

"तुमी बाहेर बसा, आई. गरम होते."

पंचफुला गेली. नीलमनं देवराव नावाच्या एका शेतकऱ्याची क्लिप शोधली. ती तिनंच दहा दिवसांपूर्वी टाइप केली होती. विहिरीबद्दल बोलता बोलता देवराव मध्येच म्हणतो, 'थोडा मलेबी दे बापा.' मग त्याचा आवाज गालात काहीतरी धरल्यासारखा होतो. तिनं ते वाक्य जसंच्या तसं टाइप केलं होतं आणि पुढं गेली होती.

माघ पौर्णिमेला, एक फेब्रुवारीला, अश्विननं विहारात आईसमोर पाचवं शील, नशा न करण्याचं, पुन्हा घेतलं होतं. डॉक्टरांनी त्याच्या तोंडात बोटं घालून पाहिली होती. तीन बोटं उभी जायला हवीत, दोनच जात होती. 'खर्रा आज बंद नाही केला तर पुढच्या वर्षी चमचा जाणार नाही,' असं ते म्हणाले होते. अश्विन तिथंच रडला होता. त्यानंतर घरात कोणी खर्र्याचं नाव काढलं नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी तो आला तेव्हा पंचफुला दोघांच्या मध्ये बसून होती. ती झोपेपर्यंत मध्येच होती. शुक्रवारी सकाळी नऊला नीलमनं त्याला आतल्या खोलीत बोलावलं आणि दार लावलं. बाहेर कूलर चालू होता.

"हे ऐका."

त्यानं हेडफोन लावला. ती त्याचा चेहरा पाहत राहिली. पहिल्या अर्ध्या मिनिटात त्यानं म्हातारीचा आवाज ओळखला आणि हसला. नंतर हसू गेलं. त्यानं हेडफोन काढला नाही, पण ऐकणं थांबवलं होतं.

"सतरा नंबर कोनाचा हाये?"

"हळू बोल ना."

"कोनाचा?"

"माहा." त्यानं हेडफोन टेबलावर ठेवला. "घोटतो कदीमदी. खात नाई."

"देवरावले दिल्ता ना? त्याले देऊन तुमी उपाशी राह्यले?"

"तुले समजत नाई, नीलम. नव्या गावात जाऊन फोन समोर ठेवला का मानूस गपकन गप होते. पन्नी काढली, घोटाले लागलो, का तो सोताहून बोलते. खर्र्याबिना कोनी तोंड उघडत नाई. म्हून माह्या क्लिपा चांगल्या येतेत. तूच म्हनत होती ना, सतराच्या क्लिपा लई चांगल्या?"

तिनं म्हटलं होतं. नंबर कोणाचा हे माहीत नसताना, कौतुकानं म्हटलं होतं. तेव्हाही त्यानं सांगितलं नव्हतं.

"तुमचं तोंड उघडा."

"काय येडेपना लावला सकाळी सकाळी?"

"उघडा. मी बोटं घालून पाह्यते."

त्यानं ओठ घट्ट मिटले. बाहेरून पंचफुलाचा आवाज आला. "काय कुचूकुचू चाललं वं? चहा थंडा होऊन राहिला."

"आलो, माय!" तो मोठ्यानं म्हणाला. मग आवाज खाली आणून, "हेडफोन लिही. हेडफोन खराब होता, बस. तुह्यं काम गेलं त दुसरं पाहू. माहं गेलं त मायले काय सांगू? काहून गेलं म्हून सांगू?"

"अन माह्या कामाचं?"

"तू घरी बसून करतं. मी गावं फिरतो, लोकं ओळखतेत मले."

"मले बी ओळखतेत," नीलम म्हणाली. "यादीत नाव हाये माहं." आणि लगेच तिला आठवलं की यादीतलं नाव पूर्ण तिचं नव्हतं.

तो बाहेर जाऊन चहा प्यायला. ती फॉर्मपुढं बसली. 'ऐकण्याचं साधन' निवडलं तर ती खोटं बोलत होती आणि खोटं बोलून काम घालवत होती. 'मूळ रेकॉर्डिंग' निवडलं तर खरं सांगत होती, पण सतरा नंबरची चौकशी होणार होती. न भरता एक वाजला तर पहिलाच पर्याय धरला जाणार होता. तिसरा रस्ता नव्हता. ती बारापर्यंत शोधत होती.

बारा पन्नासला तिनं भरलं. दोष: मूळ रेकॉर्डिंग. क्लिपा: एकशे चार, सेकंदांसह. आवाज कशाचा: रेकॉर्ड करणारा बोलणाऱ्याजवळ बसून प्लॅस्टिकच्या पन्नीत खर्रा घोटतो.

तीन वाजता माधवी मॅडमचा फोन आला. आवाज तरुण होता.

"नीलमताई, एक विचारू का? खर्रा म्हणजे नक्की काय?"

नीलमनं सांगितलं.

"आणि तो प्लॅस्टिकमध्ये का घोटतात?"

"तसाच करतात, मॅडम. इकडं सगळे."

"बापरे. आम्ही इथे चौघं ती क्लिप ऐकत होतो. एक जण म्हणाला नेटवर्क, एक म्हणाला पाऊस. तुम्ही ओळखलंत कसं?"

"घरात एकांना माहीत होतं."

"तुमचं नाव अर्थातच राहतंय. आणि एक मोठं काम देतेय. सतरा नंबरचं रेकॉर्डिंग आम्ही आजपासून थांबवलंय. डिसेंबरपासूनच्या त्याच्या तीनशे ऐंशी क्लिपा आहेत. प्रत्येक क्लिप पूर्ण ऐकायची, खरखर कितव्या सेकंदाला सुरू होते, कितव्याला थांबते, ते लिहायचं. किती क्लिपा स्वच्छ निघतात त्यावर त्याला ठेवायचं की नाही ते ठरेल. हे तुमच्याशिवाय कोणाला जमणार नाही."

"दुसऱ्या कोणाला नाही का देता येणार?"

"का? काही अडचण आहे? सतरा नंबरशी तुमचा काही संबंध नाही ना? नियम म्हणून विचारते."

मधलं दार बंद होतं. पलीकडं अश्विन आईला सांगत होता की पुण्याच्या ऑफिसला सुटी आहे, आठ दिवस गावाला जायचं नाही.

"नाही," नीलम म्हणाली.

शनिवारी तिनं तारखेप्रमाणे सुरुवात केली. अश्विन आत येऊन खाटेवर बसला. बाहेर बसला की पंचफुला विचारायची, कोणती सुटी, कायची सुटी, पोटात दुखते का. आत निदान कोणी विचारत नव्हतं. दार लावलं की खोली लगेच तापायची. दोघं घाम पुसत बसून राहायचे. तिची बोटं वहीकडं गेली की तो पाहायचा, आणि ती पुन्हा गुडघ्यावर आली की मान वळवायचा.

डिसेंबर आणि जानेवारीच्या क्लिपांत खरखर होती. ती शपथेआधीची होती. तिनं सेकंद लिहिले. मंगळवारी दुपारी ती फेब्रुवारीत आली. दोन तारीख, काही नाही. तीन तारीख, तीन क्लिपा, काही नाही. बोलणारेही जरा अडखळत बोलत होते, मध्ये मध्ये बराच वेळ गप्प बसत होते.

"कोनती तारीख चालू हाये?" त्यानं विचारलं.

तिनं एक कान मोकळा केला. "चार फेब्रुवारी."

तो चादरीतून येणाऱ्या उजेडाकडं पाहत राहिला. मग म्हणाला, "नऊपासून ऐक. त्याच्याआधी काई नाई."

"सगळ्याच ऐका लागते."

"मी सांगून राहिलो ना, नऊ तारीख. अंजनगावची दुसरी क्लिप."

"पूर्ण ऐकल्याबिना पुढची उघडतच नाही," ती म्हणाली.

तिनं कान झाकला. चार फेब्रुवारीची दुसरी क्लिप एका निवृत्त पोस्टमनची होती, त्रेचाळीस मिनिटांची. तो सायकलीबद्दल बोलत होता. मागं काहीही वाजत नव्हतं. त्रेचाळीस मिनिटं तिनं ऐकलं, वहीत 'स्वच्छ' लिहिलं आणि पुढची क्लिप उघडली.